शेवया, खेकडे आणि शिव्या

होआनने त्याला बोळाच्या तोंडाशीच गाठलं, तेव्हा क्वेनच्या हनुवटीवर खेकड्याचा रस्सा होता. त्यामुळे नाकबूल करायची सोयच नव्हती.

"अच्छा, इथे खाता होय रोज! कसं काय आहे?" होआनने फोन बाहेर काढलाच होता. क्वेनच्या ऑफिसातला हा प्राणी आधी वाडग्याचा फोटो हनोईभर पाठवायचा आणि मग खायचा. त्याने नावाजलेल्या ठिकाणी पुढे उभं राहायलाही जागा मिळत नसे.

क्वेनने घाईने हनुवटी पुसली. बोळात शेवया विकणाऱ्या लुआमावशींकडे मोजकीच प्लास्टिकची स्टुलं. शेतातले खेकडे उखळात कुटून केलेला आंबटसर रस्सा, वर तरंगणारा खेकड्याचा लुसलुशीत थर आणि खाली तांदळाच्या शेवया. बायकोने अबोला धरला होता त्या दिवसांतही याच वाडग्याने त्याला जगवलं होतं. हे सुख तो कुणाला वाटून देणार नव्हता.

"छे हो! बाई महाभांडखोर. गिऱ्हाइकाचा आईबाप काढते. परवा एकाने लिंबू जास्त मागितलं, तर पळीच उगारली!"

होआनचे डोळे चमकले आणि क्वेनने जीभ चावली. बाई शिव्या घालते आणि तरी लोक जातात, म्हणजे रस्सा अमृतच असणार, हे हनोईतलं शेंबडं पोरही जाणतं. घाबरून त्याने अक्कल गहाण टाकली होती.

दुसऱ्या दिवशी बोळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक नटूनथटून शिव्या खायला आले होते. मावशी मात्र ज्याला त्याला विचारत होत्या, "बाळा, अजून थोडं वाढू?"

"हे काय?" एक बाई फणकारली. "आम्ही नदीपलीकडून आलोय. शिव्या कधी सुरू होणार?"

"कसल्या शिव्या गं बाई?"

"सगळी लबाडी आहे मेली!"

लोक अर्धे वाडगे टाकून उठू लागले. फोनवर नालस्ती सुरू झाली. आठवडाभरात मावशी पार खचल्या. "माझ्या हाताची चवच गेली रे," त्या भर गर्दीत डोळे पुसत क्वेनला म्हणाल्या. "उद्यापासून बंद. लेकीकडे जाते गावाला."

क्वेनला राहवलं नाही. "मावशी, चव तीच आहे. तुम्ही शिव्या देता असं मीच सांगितलं. इथे गर्दी होऊ नये म्हणून."

मावशींची पळी हवेतच थांबली.

"मुडदा बशिवला तुझा, खादाडा! तुला जास्तीचं टोफू मी घालायचं आणि तू माझ्या तोंडाला काळं फासायचं? तुझ्या बापाला पोर झालं की पिंप? अरे, देव्हाऱ्यातल्या फोटोत तुझे पूर्वज तोंड लपवून बसले असतील!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग पुन्हा नशीब आजमावायला आलेल्या नदीपलीकडच्या बाईने समाधानाचा सुस्कारा सोडला. "आता कसं! मला एक वाडगा."

"इकडे दोन!"

पातेलं बघता बघता खरवडून निघालं. गर्दी पांगल्यावर मावशींनी झाकून ठेवलेला वाडगा क्वेनपुढे सरकवला आणि वाकून हळूच म्हणाल्या, "मनाला लागलं नाही ना रे? उद्या ऐन गर्दीत ये हं. तुझा आजोबा राहिलाय अजून."