डोमाजींची फळी

आमचे शेजारी डोमाजी दारात आलेल्या पाहुण्याला आधी पाणी विचारत नसत. विचारत, "घरी रिकामी शिशी आहे का?"

बाटली म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बाटली कलालाच्या दुकानात रायते. मायी शिशी आहे." गोंदियाच्या स्टेशनवर गोऱ्या साहेबांनी टाकलेल्या दारूच्या बाटल्या ते पोत्यात भरून आमच्या गावी, कुडव्याला आणत. वाटेत लोक म्हणत, "डोमाजी, आज लय झाली वाट्टे." दारूचा थेंब न चाखलेला हा माणूस शांतपणे म्हणे, "साऱ्या गावाची झाली. तुयीच बाकी आहे."

घरी आली की बाटलीची शिशी होई. आत राख आणि तांदळाची कणी घालून ते ती खळखळा हलवत, धुऊन उन्हात उपडी ठेवत आणि मग नाक लावत. वास राहिला तर पुन्हा राख.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळे, पण शिशी आपली न्यावी लागे. लोटा नेला तर कंपाउंडर परत पाठवी. पितळेत औषध बिघडतं. गावात काच होती ती डोमाजींच्या फळीवर. तापाच्या दिवसांत त्यांच्या दारात रांग लागे. प्रत्येकाला ताकीद मिळे, "तेल भरशीन तर फोडीन. शिशी नाही, तुले." इतक्या उपयोगाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फळीच्या टोकाला एक निळी शिशी होती. एका वेळी किती औषध घ्यायचं त्या मात्रांच्या खाचा कापलेली कागदी पट्टी तिला चिकटवलेली, तळाशी थोडं औषध. त्यांच्या बायकोचं, सीताबाईंचं. ते संपायच्या आत त्या गेल्या. ती शिशी कुणालाच मिळत नसे.

एका आश्विनात माझी लेक लीला तापली. मी गेले तर फळी रिकामी, फक्त निळी उरलेली. मी मागे फिरले.

"कायले चालली? थांब बाई."

त्यांनी निळी शिशी उतरवली. औषध तुळशीत ओतलं. पट्टी भिजवून अलगद सोडवली. राख, कणी, पाणी. मग नाक लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"वास येऊन राहिला काय?" मी विचारलं.

"येऊन राहिला," म्हणाले, आणि पुन्हा राख घातली.

लीला बरी झाली. मी शिशी परत केली, तेव्हा त्यांनी ती हुंगली, "बरी धुतली" म्हणाले आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली. फळीच्या टोकाला, भिंतीवर, भाताच्या शितांनी चिकटवलेली ती पट्टी होती.