भानुदासकाकांचा गडी

आमच्या शेजारचे भानुदासकाका स्वतःच्या उजव्या हाताला 'गडी' म्हणतात आणि त्याच्याशी चारचौघांत भांडतात. चहाचा कप उचलला की हात थरथरायला लागतो. निम्मा चहा बशीत, उरलेला सदऱ्यावर. मग काका हाताकडे डोळे वटारून म्हणतात, "थांब की रं बाबा, पाव्हणे बसलेत!" गडी कुठला ऐकतोय!

एरवीही माणूस काळजीखोर. वाळूजच्या कंपनीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी 'मशीन बंद हाय का' बघायला गेटपर्यंत जाऊन यायचे म्हणे. आता गॅस बंद केलाय का बघायला निम्म्या रस्त्यातून परत येतात. जाता जाता आमचंही कुलूप ओढून बघतात. मी चिडले की म्हणतात, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी घेतलंय."

पण त्यांची एक काळजी खरी होती. त्यांची आई नव्वदीची, डोळ्यांनी दिसत नाही, हातात घास उचलण्याचं बळ नाही. काकू गेल्यापासून काकाच तिला भरवतात. वरणभाताचा चमचा तोंडाशी जाईतो निम्मा तिच्या पदरात. चार घास झाले की आई म्हणायची, "बस रं, पोट भरलं." म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती. मी म्हटलं, भरवायला एखादी बाई लावा. काका उखडलेच. "मी असताना माझी आई परक्याच्या हातानं खाईल व्हय?"

काकांच्या हाताला गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. कवटी उघडायची नाही. बाहेरूनच ध्वनिलहरी मेंदूतल्या एका ठिपक्यावर एकवटायच्या आणि थरथर उठवणारी जागा तापवून बंद करायची. ही सोय दुसऱ्या शहरात. झालं! काकांनी माझं डोकं खाल्लं. "आवाज भलत्याच जागी गेला तर? आईचं नावच पुसलं तर?" रोज सकाळी कुंपणाशी उभं राहून स्वतःची परीक्षा घ्यायचे. आईचं नाव, काकूंचं नाव, गॅसचा नंबर.

त्यात कळलं, डोकं तुळतुळीत करावं लागतं. मग तर गडीच काय, अख्खे काका थरथरले. रोज सकाळी आई त्यांच्या केसांतून हात फिरवते. डोकं शेवटचं भादरलं होतं ते वडील गेले तेव्हा. "तिच्या हाताला टक्कल लागलं तर ती काय समजंल, ताई?"

शेवटी त्यांनी तोडगा काढला, कानटोपी! तीही भर मे महिन्यात. परक्या गावचा वस्तरा नको म्हणून निघायच्या आदल्या दिवशी शहागंजातल्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेले. जगाचं टेन्शन घेणारा हा माणूस टोपी मात्र घरीच विसरला.

झालं! भादरलेलं डोकं रिक्षावाल्यांनी पाहिलं, किराणावाल्यानं पाहिलं. घरात नव्वदीची म्हातारी म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय? बिचारे काका उन्हातून चालत घरी पोचेस्तोवर दारात चपलांचा ढीग. कोपऱ्यावरच्या मावशींनी तर पदर तोंडाला लावून गळाच काढला, "माय गं, सोन्यासारखी म्हातारी!"

आतून खणखणीत आवाज आला, "कोण गेलं गं?"

मावशींचा गळा जागीच बंद. जिच्यासाठी रडायला आलो तीच विचारतेय, आता सांगायचं काय? मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात आईचा चेहरा दिसला. पार उतरला होता. "बोलत काऊन नाय कुणी? माझा भानुदास कुठाय?"

काका गर्दीतून धावले आणि तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "हा काय, इथंच हाय मी. कुणी गेलं नाय, आई. हाताच्या इलाजासाठी केलंय."

आईनं सगळं डोकं चाचपलं. मग कडाडली, "थरथरतो हात, अन् भादरलं डोकं? कसला डागदर हाय हा!"

उपचार झाले, काका परतले. "आत जागाच होतो, ताई! डोक्याभवती गार पाणी. मधून मधून कागदावर जिलबी काढायला लावायचे. पयली म्हंजे नुसती शेव. शेवटची बगा, हलवायानं काढल्यावानी!" इलाज उजव्या हातापुरताच होता. डावा अजून थरथरतो, तो त्यांनी खिशात कोंबला होता.

संध्याकाळी मला बोलावलं. "बसा इथं. मला भ्या वाटायलंय." चमचा भरला. तो सरळ आईच्या तोंडाशी गेला, शीतसुद्धा सांडलं नाही. चार घास झाले. आता ती 'बस' म्हणणार म्हणून काकांनी वाटी खाली ठेवायला घेतली.

"अजून दे," आई म्हणाली.

वाटी संपली. "भात हाय का रं अजून?"

काकांचा हात हवेतच थांबला. "आई," काका कसंबसं म्हणाले, "म्हंजे इतके दिवस तू उपाशी..."

आईनं चाचपडत त्यांच्या डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला. "तू टेन्शन घेऊ नको रं," म्हणाली. "मी घेतलं व्हतं."

काका भात आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. गॅस बंद हाय का बघत असतील, असं मी आईला सांगितलं.