तुळाजी ढमाले यांची एकट्याची मरळमोहीम

जळात वसणाऱ्या सर्व देवतांस साष्टांग दंडवत. गळास धार असो, दोरीस बळ असो आणि लिहिणाराच्या हातून सत्याखेरीज फारसे काही न उतरो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन वद्य तृतीया, रविवार, ते दिवशी तलावावर जे वर्तले ते जैसे पाहिले, जैसे ऐकिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिणे उचित नाही, कारण राज्यकर्ते हयात आहेत आणि रागीट आहेत.

तरी राज्य म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांचे मंडळ. मुलूख म्हणजे धरणाचा तलाव, चार कोस लांब, दीड कोस रुंद. राजवाडा म्हणजे काठावरील पत्र्याची शेड, आणि सिंहासन म्हणजे हात असलेली एकच प्लॅस्टिकची खुर्ची, तीवर मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे श्रीमंत, विराजमान होत. श्रीमंतांचे तालुक्याचे गावी पाण्याच्या मोटारींचे दुकान असे, परंतु तलावावर पाऊल ठेवताच ते राजे होत, आणि दुकानी गिऱ्हाइकापुढे वाकलेली त्यांची मान येथे ताठ होई. वर्षातून एक वेळ मरळीची मोहीम निघे. कायदा ऐसा की, एका होडीत दोन असामी असावे, रबरी बेडूक गळास लावून मरळ धरावी, मोजपट्टीवर निजवावी, मंडळाने दिलेला बिल्ला शेजारी ठेवून मोबाइलवर छबी काढावी आणि मासा जिवंत पाण्यात सोडावा. सायंकाळी ज्याच्या छबीत सर्वांत लांब मासा, त्यास रुप्याचा पेला. कोणी खावयाचे म्हणून मासा घरी नेल्यास त्यास राज्यातून हद्दपार करीत, मग त्याने बाजारातून दुप्पट मासे आणून खाल्ले तरी कोणी काही बोलत नसे.

या राज्यात तुळाजी ढमाले नामे एक सरदार होते. एस.टी.च्या आगारात तीस वर्षे इंजिने उघडून निवृत्त जाहले होते. त्यांचे साडू पर्वतराव खैरे, देहाने भारी, बोलण्यात हलके, पोस्टात टपाल वाटीत. या दोघांनी एका होडीतून अकरा मोहिमा केल्या होत्या आणि दोन वेळा दुसरा क्रमांक मिळविला होता. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. गळ तुळाजींनी टाकावा, आणि पर्वतरावांनी होडी वल्हवावी, जाळी धरावी, मोजपट्टी मांडावी, छबी काढावी आणि चहा ओतावा. ही वाटणी कोणी ठरविली ते तुळाजींस आठवत नसे. पर्वतरावांस आठवत असे. शेडच्या भिंतीवर अकरा वर्षांच्या छब्या लाविल्या होत्या, त्यांत तुळाजी अकरा वेळा मासा धरून हसत होते आणि पर्वतराव एकाही छबीत नव्हते, एका छबीच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा मात्र आला होता.

ते दिवशी पहाटे तुळाजी काठावर येऊन आपल्या रबरी होडीस हवा भरून उभे राहिले, आणि साडू काही येईनात. मग मोबाइलवर निरोप आला की, साडूभाऊ, मी यंदा हैबतरावांच्या होडीत आहे, राग मानू नये. हैबतराव इनामके म्हणजे राज्यातील सर्वांत बलाढ्य सरदार. त्यांचे होडीस इंजिन होते आणि पाण्याखाली मासा कोठे आहे ते दाखविणारा पडदाही होता. ऐसा निरोप वाचून तुळाजींचे पायांखालील वाळू सरकली. तरी त्यांनी चेहऱ्यावर काही दाखविले नाही, फक्त होडीत भरावयाची ती हवा आणखी भरिली, इतकी की होडी फुगून टणक जाहली.

मग दरबारात खल जाहला. चिटणीस बोलिले की, होडीत दोन असामी हा कायदा आहे, एकट्यास सोडिता येत नाही. हैबतराव बोलिले की, जाऊ द्यावे, बिचारे हौशी आहेत. तो बिचारे शब्द तुळाजींस जैसा झोंबला तैसा निरोपही झोंबला नव्हता. श्रीमंतांनी बहुत विचार केला, चहा घेतला, आणखी विचार केला आणि हुकूम दिला की, एकट्याने जावे, परंतु छबीत मासा, पट्टी आणि बिल्ला ही तिन्ही दिसलीच पाहिजेत, सबब ऐकिली जाणार नाही. तुळाजींनी मान लवविली आणि कूच केले.

परंतु मोहिमेचा आरंभच विपरीत जाहला. पर्वतरावांचे वजन मागे नसल्याने होडीचे नाक वाऱ्याने फिरे आणि तुळाजी उजवे वल्हे मारीत तेव्हा डावीकडे जाण्याऐवजी जागीच प्रदक्षिणा घालीत. काठावरील लोकांनी त्या तीन प्रदक्षिणा मोजिल्या. मग तुळाजींस उमगले की, अकरा वर्षे आपण होडीत बसलो, होडी चालविली नाही. पुढे घामाघूम होऊन ते बुडालेल्या बाभळींच्या खाडीत पोहोचले आणि गळ टाकू लागले. तेथेही अडचण. वारा होडीस ढकली म्हणून वल्हे धरावे तर गळ सुटे, आणि गळ धरावा तर होडी झुडुपात शिरे. दोन प्रहरापर्यंत त्यांनी बाभळीच्या चार फांद्या आणि आपली टोपी एवढी शिकार केली. सवयीने ते दोन वेळा मागे वळून बोलिले की, जरा डावीकडे घ्या, आणि मागे कोणी नव्हते. दुसऱ्या वेळी ते बराच वेळ त्या रिकाम्या फळीकडे पाहात बसले.

तिसऱ्या प्रहरी कमळांच्या पानांत पाणी फुगले आणि बेडूक दिसेनासा जाहला. तुळाजींनी हिसका दिला, आणि दोरी ताठ जाहली, आणि होडी आपोआप चालू लागली. ऐसी मरळ त्यांचे उभ्या आयुष्यात लागली नव्हती. तिने होडी कमळांतून ओढिली, बाभळीस वेढा घातला, तुळाजींनी वेढा सोडविला, तिने पुन्हा घातला, आणि अर्ध्या घटकेने ती होडीच्या काठाशी थकून आडवी आली, काळी, जाड, अंगावर पांढरे ठिपके, मांडीएवढी. आता जाळी धरावयाची. एक हात गळाच्या काठीस, दुसरा जाळीस, आणि होडी मागे सरे. तुळाजींनी काठी गुडघ्यांत धरिली, जाळीवर पोट टाकिले आणि मासा होडीत घेतला, स्वतः मात्र अर्धे पाण्यात गेले.

त्याच समयी शंभर हातांवर हैबतरावांची होडी आली होती, आणि तीत पर्वतराव उभे होते. त्यांनी सर्व पाहिले. मग तुळाजींनी मरळ पट्टीवर निजविली, बिल्ला ठेविला आणि ओल्या हाताने मोबाइल काढिला. एका हाताने मासा दाबावा तर शेपूट पट्टी सोडी, शेपूट दाबावी तर डोके उठे. अखेर बिल्ला दातांत धरून, गुडघ्याने शेपूट दाबून, त्यांनी बोट लाविले, तोच मरळीने एक झटका दिला, आणि मासा व मोबाइल दोघेही एकाच वेळी तलावात गेले. मासा पोहत गेला. तुळाजी तेथेच बसून राहिले. बिल्ला अद्याप दातांत होता.

सायंकाळी दरबार भरला. हैबतरावांची अठ्ठावीस इंचांची मरळ पडद्यावर दाखविली. चिटणीसांनी तुळाजींस छबी मागितली, त्यांनी सर्व हकीकत सांगितली, आणि दरबार हसला. हैबतराव बोलिले की, पाण्यात गेलेला मासा नेहमीच मोठा असतो. तेव्हा पर्वतराव पुढे आले. त्यांचा धनी जिंकला होता, गप्प राहते तर पेल्यावर त्यांचेही नाव कोरले जाते. ते बोलिले, "श्रीमंत, तो मासा मी पाहिला. आमच्या मरळीपेक्षा वीतभर तरी लांब होता." हैबतरावांचा चेहरा उतरला. श्रीमंतांनी विचारले की, इंच किती. पर्वतराव बोलिले की, शंभर हातांवरून इंच सांगणे म्हणजे खोटे सांगणे. मग श्रीमंत तुळाजींकडे वळून बोलिले की, तुम्हीच सांगा, साक्ष मिळाली आहे, तुमचा आकडा धरू. तुळाजींनी खाली पाहिले. सदतीस म्हणता आले असते, चाळीसही म्हणता आले असते. ते बोलिले, "मोजता आला नाही. मोजणारा जवळ नव्हता." श्रीमंतांनी पेला हैबतरावांस दिला, आणि टाळ्या वाजविल्या त्या श्रीमंतांनी आणि चिटणीसांनी.

मग दोघे साडू होडीतील हवा सोडीत बसले. तुळाजींनी विचारले की, हैबतरावांकडे गेलात ते इंजिनासाठी काय. पर्वतराव बोलिले, "गळ टाकायला देतो म्हणाले होते. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही काठी हातात दिली नाही, साडूभाऊ." तुळाजींनी विचारले की, मग दिली काय. पर्वतराव बोलिले की, दिवसभर त्यांच्या पडद्यावर उन्हात छत्री धरायला लावली. हे ऐकून तुळाजींस हसू आले, पण ते हसले नाहीत. त्यांनी काठी उचलली आणि साडूच्या मांडीवर ठेविली. बोलिले, "पुढल्या वर्षी टाकणार तुम्ही. जाळी मी धरीन."

पर्वतरावांनी काठी तोलून पाहिली, तुळाजींची ओली विजार पाहिली आणि बोलिले, "काठी घेतो. पण जाळी तुम्हांला जमायची नाही. ती आधी शिकवावी लागेल."

येणेप्रमाणे पेला हैबतरावांस, मोबाइल तलावास आणि मासा ज्याचा त्यास मिळाला. श्रीमंत सोमवारी दुकानी गेले. दोघे साडू त्याच सायंकाळी काठावरच शिकवणीस बसले, आणि तुळाजींनी पहिल्याच धड्यास जाळी फाडिली, ऐसे समजते. जाणिजे.