तंतूवाला सांबार

"चार काड्या सांबारासाठी आता साहेबाची सही घेऊ का मी?" रक्षाबाई कढईकडे पाहून पुटपुटल्या. खिडकीबाहेरून त्यांचे यजमान पुंडलिकराव बोलले, "सही मागाहून. आधी पाहणी."

पुंडलिकराव मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले आणि नालवाडीच्या घराच्या गच्चीवर त्यांनी कोथिंबीर, म्हणजे इकडचा सांबार, लावला. तो उत्तम आला. उत्तम आल्यामुळेच तो घाईने तोडणे धोरणात बसेना.

रविवारी लेकीला, गुंजनला, पाहायला सावंगीचे बंडूजी मुलाला घेऊन येणार होते. "गच्चीवरच्या सांबाराच्या वड्या खाऊ घालतो," असे निमंत्रण खुद्द पुंडलिकरावांनीच दिलेले. रक्षाबाईंनी टोपलीभर सांबार मागितला. आधी उंची अपुरी ठरली. मग तोडणीला त्रयस्थ माणूस हवा म्हणून शेजारचे चंद्रभान नेमले गेले. ते जाम गावाला गेले होते. परत येईस्तोवर सांबाराला फुले आली.

"आता हा बियाण्यात मोडते," पुंडलिकरावांनी निर्णय दिला. "तोडता येत नाई."

"मंग वड्यांत काय भरू, तुमचं धोरण?"

रक्षाबाईंनी पिशवी उचलली आणि बाजार गाठला.

रविवारी बंडूजी आले. पुदिना पुढे करत म्हणाले, "घरचा आहे. खत नाई, फवारा नाई." वड्या आल्या. "वा! गच्चीवरचा सांबार तो गच्चीवरचाच!" म्हणत त्यांनी दुसरी वडी तोडली, आणि दातांतून बोटभर सुतळी बाहेर आली.

गुंजन आईकडे पाहू लागली.

"देशी वाण आहे," पुंडलिकराव गंभीरपणे म्हणाले. "तंतू राह्यते."

"त्यातच तर सारी ताकद!" चंद्रभानांनी अनुमोदन दिले.

बंडूजी ताकद चावत राहिले. मुलाने आपल्या दोन्ही वड्या फोडून पाहिल्या. "माझ्यात नाई निघाला," तो हिरमुसला.

"याचं बी द्या आम्हाले," बंडूजी म्हणाले. "सून आली का घरी तंतूवाल्याच वड्या होतीन."

रक्षाबाईंना सावंगीच्या स्वयंपाकघरात जन्मभर वड्यांत सुतळी भरणारी गुंजन दिसली. त्यांनी ताट खाली ठेवले.

"बंडूजी, सुतळी आहे ते. बाजारातल्या भाजीवालीच्या जुडीची. तुमच्या पुदिन्यालेबी त्याच बाईनं बांधली होती. मी तुमच्या मागंच उभी होती. तुम्ही सुतळी सोडून पुदिना आणला, मी घाईत सोडाले विसरली."