साळूबाईला चाल कोण सांगतं?

एका जंगलात, बाळांनो, इंटरनेट आलं होतं. पाणवठ्याचं काम अजून मंजुरीत अडकलं होतं, पण तहान लागली की पाण्याचे व्हिडिओ बघता येत होते. सगळे प्राणी सुखात होते. निदान महाराज सिंहांनी तसं जाहीर केलं होतं.

या जंगलाला बुद्धिबळाचा भारी नाद. उंबराखाली पट मांडलेला असायचा. खेळणारे दोघे आणि वर वाकलेली डोकी वीस. कुणी म्हणे घोडा काढ, कुणी म्हणे उंट मागे घे. खेळणाऱ्यानं फक्त हात हलवायचा. डाव जिंकला तर तो सांगणाऱ्यांनी जिंकलेला असे, हरला तर खेळणाऱ्यानं हरलेला. फार जुनी आणि सोयीची पद्धत होती ती.

तिथे एकट्यानं कुणी खेळत नसे. एक साळूबाई सोडून. ती जातीची साळिंदर. अंगभर हे एवढाले काटे. तिच्या खांद्यावरून वाकायची कुणाची छाती होत नसे. चाल सांगायलाच कुणी नाही म्हटल्यावर बिचारी स्वतः विचार करायला लागली. घरात वडीलधाऱ्यांचं लक्ष नसलं की असं होतं.

एके दिवशी जगभरच्या जंगलांची ऑनलाइन सांघिक बुद्धिबळ लीग जाहीर झाली. बारा जंगलं, अकरा सामने. प्रत्येक संघात चार खेळाडू, म्हणजे चार पट. आपापल्या घरी बसायचं, समोर कॅमेरा लावायचा आणि खेळायचं. नियम दोनच, पण कडक. खेळाडूच्या जवळपास दुसरं कुणी दिसता कामा नये. आणि संघात एक तरी मादी हवी. पंच म्हणून सातासमुद्रापलीकडचं एक घुबड नेमलं होतं. त्याला सगळं दिसायचं.

पहिला पट संघातल्या सर्वांत बलवान खेळाडूला द्यायचा असतो. आमच्या जंगलात बलवान कोण, याबद्दल दुमत नव्हतं. पहिल्या पटावर महाराज बसले. दुसऱ्यावर हत्ती, वजनामुळे. तिसऱ्यावर तरस, कारण संघ निवडणाऱ्या कोल्ह्याचा तो जिवलग. चौथा पट उरला आणि मादीचा नियमही उरला. कोल्ह्यानं एका दगडात दोन पक्षी मारले आणि साळूबाईचं नाव लिहून टाकलं.

"तुम्ही नुसत्या बसा, साळूबाई," तो म्हणाला. "जिंकायचं आम्ही बघतो."

सामने सुरू झाले. महाराजांनी दुसऱ्याच चालीला राजा पुढे काढला. मागे लपणं त्यांना शोभत नव्हतं. शिवाय त्यांच्या मागे चौदा दरबारी चाली सांगत उभे होते. घुबडानं डाव बाद केला. कोल्ह्यानं कळवलं की ही आमची संस्कृती आहे. घुबडानं डाव बादच ठेवला. हत्तीनं पटावरचे आपले दोन्ही हत्ती कोपऱ्यातून हलवलेच नाहीत, उगाच त्यांना काही व्हायला नको म्हणून. तरस काय खेळला ते त्यालाही सांगता आलं नाही. नुसता हसत होता.

असे दहा सामने झाले. दहाही आम्ही तीन-एकनं हरलो. आता तुम्ही चलाख असाल तर विचाराल, हा एक कुठला? तो साळूबाईचा. तिनं दहापैकी दहा डाव जिंकले होते.

अकरावा डाव जिंकला की चौथ्या पटाचं सुवर्णपदक तिचं होतं. पदकाचं तिला तेवढं नव्हतं. पण जंगलात पाठीमागे तिला जन्मभर सगळे 'ती काटेरी' म्हणत आले होते, आणि लीगच्या यादीत जिंकणाऱ्याचं नाव लिहीत. तिथे 'साळू' असं लिहिलेलं एकदा बघायचं होतं तिला. एवढंच. मला तर यात काही चूक दिसत नाही.

जंगलाला मात्र दिसली. तीन पट हरतात आणि एकच जिंकतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. सभा भरली. महाराजांनी स्वतः विचारलं, "साळूबाई, तुम्हाला चाल कोण सांगतं?"

"कुणी नाही, महाराज. मी पटाकडे बघते."

"बघतात सगळेच. पुढे?"

"पुढे विचार करते."

"एकटीनंच?"

"हो."

सभेत कुजबुज झाली. सांबरानं पिल्लांचे कान झाकले. कुणी सांगितल्याशिवाय चाल सुचते, हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा कुणीतरी सांगतच असणार, आणि दिसत नाही म्हणजे लपूनच सांगत असणार. कोल्ह्यानं आपल्याच खेळाडूविरुद्ध घुबडाकडे तक्रार केली. घुबडानं दहाही डाव तपासले आणि उत्तर पाठवलं की बाई स्वच्छ आहेत. घुबडही सामील आहे, असं मग सर्वानुमते ठरलं.

शेवटच्या सामन्याला साळूबाईच्या बिळात चौकशी समिती बसवायची, असा हुकूम निघाला. माकड, तरस, दोन रानडुकरं, सांबर, मोर आणि अध्यक्ष हत्ती.

साळूबाईनं हात जोडले. "कोल्होबा, एकच डाव राहिलाय. तेवढा मला एकटीला खेळू द्या."

"घाबरताय कशाला?" कोल्हा म्हणाला. "समिती फक्त बघणार आहे."

हत्ती आणि तरस आपापले डाव झटपट हरून मोकळे झाले आणि समिती आली. हत्ती मावेना, म्हणून त्यानं नुसती सोंड आत घातली. दाटीवाटी झाली. आता इथे साळूबाईनं एक चूक केली, बाळांनो, नीट ऐका. दारी आलेल्याला टोचू नये म्हणून तिनं काटे अंगासरशी मिटून घेतले. आईची शिकवण होती तशी.

समोर बर्फाच्या जंगलातला एक पेंग्विन होता. चांगला खेळत होता, पण साळूबाई सरस होती. समिती कॅमेऱ्याच्या कडेला दबून बसली होती. साळूबाईचं एक प्यादं शेवटच्या घरापासून दोन पावलांवर आलं. वजीर होणार होता त्याचा. पेंग्विननं मान खाली घातली.

आणि माकडाला राहवलं नाही. ते पुढे वाकलं. "घोडा काढा," म्हणालं. मोर म्हणाला, घोडा नको, उंट. मग दोन्ही रानडुकरं वाकली, सांबर वाकलं, तरसही वाकला, आणि हत्तीच्या सोंडेनं स्वतःच एक बटण दाबलं. जन्माची खोड. काटे मिटलेले होते, अडवणार कोण?

घुबडाला पडद्यावर साळूबाई दिसली आणि तिच्यावर वाकलेले सहाजण आणि एक सोंड. त्यानं डाव बाद केला. नियम तो नियम, आणि ज्याचा डाव बाद त्याला पदक नाही. पेंग्विन म्हणत राहिला की मीच हरत होतो. यादीत चौथ्या पटापुढे दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं. साळूबाईनं ती यादी दोनदा वाचली आणि पडदा बंद केला.

जंगलात आनंदीआनंद झाला. समितीनं अहवाल दिला: साळूबाईला चाल सांगणारे रंगेहाथ सापडले, आणि तेही एक नव्हे, सात. समितीचा सत्कार झाला.

पुढच्या वर्षी बर्फाच्या जंगलानं साळूबाईला आपल्या संघातून खेळायला बोलावलं. महाराजांनी परवानगीवर तत्काळ पंजा उमटवला. पीडा गेली म्हणाले. ती कुठे गेली नाही हं, त्याच बिळात बसून खेळली. फक्त दारात आधी पाठ केली आणि सगळे काटे उभे केले. बर्फाच्या जंगलानं तिला पहिला पट दिला. अकरापैकी अकरा. यादीत सर्वांत वर नाव आलं: साळू.

दुसऱ्या दिवशी उंबरावर मोठा फ्लेक्स लागला. 'आमच्या जंगलाची लेक! हार्दिक अभिनंदन!' मधोमध महाराज, बाजूला कोल्हा. खाली 'मार्गदर्शक' म्हणून चौदा दरबारी आणि समितीचे सात, फोटोसकट.

साळूबाईचा फोटो नव्हता. एवढ्या मार्गदर्शकांनंतर जागाच उरली नाही.

तात्पर्य: एकी हेच बळ, कारण इतकं हरणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. पाहुण्यांचं स्वागत हसतमुखानं करावं, काटे मात्र मिटू नयेत. आणि एकट्यानं विचार करायला मुळीच भिऊ नका, बाळांनो. जिंकलात की तुम्हाला शिकवणारे एकवीसजण आपोआप सापडतील.