पडद्यातलं दार

रफूवाल्या काकूंनी सकाळी नऊला आतून शटर वर ढकललं, तर समोर रस्ताच नव्हता. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर पांढरं कापड ताणलेलं होतं, ते पार वरच्या मजल्यापर्यंत. कडेच्या फटीतून अंग चोरून त्या बाहेर आल्या आणि मग त्यांना कापडाची पुढची बाजू दिसली. त्यांच्या गल्लीवर दुसरीच एक गल्ली छापून लावली होती. कुलूपवाल्याच्या जागी पियानोचं दुकान, जोडे दुरुस्त करणाऱ्या मामांच्या जागी केकची बेकरी आणि काकूंच्या दारावर चक्क फुलांचं दुकान. त्यात एक गोरीगोमटी बाई हसत उभी होती.

काकूंना पडद्याचा राग आला, पण त्या बाईचा त्याहून जास्त आला. सव्वीस वर्षं त्या जागेवर काकू स्वतः उभ्या होत्या, आणि अशा विनाकारण कधी हसल्या नव्हत्या.

महापालिकेचे सुशोभीकरणवाले साहेब शिडीखाली उभे राहून दोऱ्या तपासत होते. त्यांनी समजावून सांगितलं की पाच दिवस आंतरराष्ट्रीय परिषद आहे, चाळीस देशांचे पाहुणे याच गल्लीतून सभागृहाकडे चालत जाणार आहेत, आणि परिषदेचा विषय आहे ‘परिषदांमुळे शहराला आणि रहिवाशांना होणारे लाभ’.

“मग रहिवाशांना झाकलंत कशाला?” काकूंनी विचारलं.

“झाकलं नाही काकू, सुशोभित केलं. पाच दिवस आराम करा. लाभ सगळ्यांनाच होतो, कुणाला प्रत्यक्ष, कुणाला अप्रत्यक्ष.”

“मला कुठला?”

साहेबांनी हातातली यादी खरोखरच पाहिली. “तुम्हाला अप्रत्यक्ष.”

जाता जाता त्यांनी बजावलं की पडद्याला कुणी हात लावला तर दुकानाचा परवाना रद्द होईल.

काकूंचं दुकान कामाच्या दिवशी एकदाच बंद राहिलं होतं, नवरा गेला त्या दिवशी. छापील बाईसाठी ते पाच दिवस बंद ठेवायचं हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी मोठी कात्री काढली. दुकानात बटणं लावायला बसणाऱ्या त्यांच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, घाबरून गेल्या. वन्सं रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबणाऱ्या.

पण कापायचं म्हणून कसंतरी कापायचं, हे काकूंच्या रक्तातच नव्हतं. फुलांच्या दुकानाला छापील दार होतंच. त्याच्या रेघेवरून त्यांनी तीन बाजूंनी कापड कापलं, कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या आणि एका कडेला बटणं लावायचं ठरवलं. वन्सं “हे बरं नाही हो वहिनी” असं म्हणत होत्या आणि म्हणता म्हणता काजं करत होत्या. त्यांच्या हातची काजं शहरात एक नंबर. दार बंद केलं की नाक लावून पाहिलं तरी कळणार नाही, असं काम झालं. दुपारी साहेब समोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा समाधानाने मान डोलावून गेले.

कानोकानी कळून नेहमीची गिऱ्हाइकं बटणं काढून आत येऊ लागली. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या एका पाहुण्या बाईंनी एका आजोबांना चित्रातल्या फुलांच्या दुकानात शिरताना पाहिलं. त्या आधी दचकल्या, मग त्यांच्या मागोमाग आत आल्या. फुलं नव्हती, पण बाईंच्या कोटाला कोपरावर भोक होतं. भाषेची अडचण आली नाही, कारण भोक सगळ्या भाषांत सारखंच दिसतं. तासाभराने बाई कोपर उजेडात धरून भोक कुठे होतं ते शोधत बाहेर पडल्या, आणि भेटेल त्याला दाखवत सुटल्या.

तिसऱ्या दिवशी फुलांच्या चित्रासमोर गळ्यात बिल्ले अडकवलेल्या माणसांची रांग लागली. साहेबांना वाटलं, पाहुणे चित्र पाहायला थांबलेत. ती पाहून कुलूपवाला आला आणि म्हणाला, मलाही एक दार काढून द्या. मग मामा आले. मग उरलेली सगळी गल्ली आली. वन्संनी संध्याकाळपर्यंत एकोणसाठ काजं केली, आणि “हे बरं नाही” म्हणायचं त्या कधीच विसरून गेल्या. बेकरीतून माणसं नवे तळ ठोकलेले जोडे घालून निघू लागली.

चौथ्या दिवशी परिषदेचे अध्यक्ष आणि महापौर चार वाजता गल्ली पाहायला येणार होते. तीन वाजता वारा सुटला. इतकी दारं कापलेल्या पडद्यात आता जीव तो काय राहणार? एकेक झडप फडफडली, बटणं तुटली आणि अख्खी छापील गल्ली वरपासून खालपर्यंत टरकली. साहेब धावत आले आणि उडणारं पियानोचं दुकान मिठी मारून धरू लागले. त्या झटापटीत तारेत अडकून त्यांच्या कोटाची बाही फाटली, आतल्या शर्टासकट.

मग ते काकूंच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. दारं कुणी कापली हे विचारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

“काकू, एक तास आहे. तुम्ही दोघी मिळून शिवाल.”

“शिवू की. अर्ध्या तासात शिवू,” काकू म्हणाल्या, “पण शिवणार नाही.”

“परवाना जाईल तुमचा.”

“जाऊ दे. सव्वीस वर्षं मी लोकांची भोकं बुजवली साहेब. माझंच दार बुजवायचं काम मी करणार नाही.”

हे दुकान गेलं तर दुसरं काही नव्हतं, आणि ते काकूंना चांगलंच ठाऊक होतं. वन्सं येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. साहेब खाली पाहत उभे होते. त्यांची लोंबणारी बाही पाहिली आणि काकूंना राहवेना.

“महापौरांपुढे असे जाणार? काढा तो कोट. शर्टही काढा. बसा तिथे.”

चार वाजता पाहुणे आले तेव्हा छापील गल्लीच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या आणि खरी गल्ली कामात बुडाली होती. रफूच्या दुकानात बाकावर सुशोभीकरणवाले साहेब बनियनवर बसले होते. महापौरांचा चेहरा उतरला. अध्यक्ष मात्र उंबऱ्याशी वाकून उभे राहिले आणि दुभाषी मुलीकरवी त्यांनी विचारलं, परिषदेमुळे या बाईंना कोणता लाभ झाला?

काकूंनी टाका पुरा केला, दोरा तोडला आणि मग वर पाहिलं.

“त्यांना सांग, पोरी, की हिशेब उलटा आहे. परिषदेचा लाभ आम्हाला व्हायचाय अजून. आमचा लाभ परिषदेला झालाय. निम्म्या परिषदेचे कोट या खोलीत शिवून गेलेत, आणि उरलेली परिषद मामांनी ठोकलेल्या तळांवर चालतेय. आम्हाला झाकून ठेवलं असतं तर फाटक्या कपड्यांत घरी गेले असते सगळे.”

मुलीने एक शब्दही न गाळता सांगितलं. महापौर बाकावरच्या साहेबांच्या बनियनकडे पाहत होते. मग अध्यक्षांनी आपला कोट काढला, अस्तर उलटं केलं आणि खिशाखाली गेलेली लांबलचक उसवण काकूंपुढे धरली.

काकूंनी ती पाहिली, बोट फिरवून पाहिली.

“होईल,” त्या म्हणाल्या. “पण रांगेत या. पुढे चौदा जण आहेत.”

अध्यक्ष रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ते उभे राहिले म्हटल्यावर महापौरांनाही त्यांच्या मागे उभं राहावं लागलं. बाकावरून साहेबांनी उठायचा प्रयत्न केला, तसं काकूंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

“तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या, “तुमचा नंबर त्यांच्या आधीचा आहे.”