निवांतरावांचं काही ठरेना

एका जंगलात एक उंदरीण होती. तिच्या पोटात एक पिल्लू होतं. आणि त्या पिल्लाच्या पोटात, मुलांनो, मोहरीहूनही लहान असं एक राज्य होतं.

राज्यातल्या सगळ्या पेशी सारख्याच दिसायच्या. राज्याचं पुढे वृषण होणार की अंडाशय, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळ्या मजेत होत्या.

एके सकाळी हुकूम सुटला, 'वृषण करा!' हुकूम जेमतेम दिवसभर टिकणारा. कुणी ऐकला नसता तर अंडाशय ठरलेलं. पण एका चटपटीत पेशीने तो ऐकला आणि ती तडक सर्टोलीआक्का, म्हणजे बीजपेशींची दाई, झाली.

आक्कांनी पदर खोचला. लांबून चालत आलेल्या बीजपेशींना नळ्या बांधून त्यांत घेतलं, त्यांचं खाणंपिणं सुरू केलं. मग बाकीच्यांकडे वळल्या.

"तू गं, नळीभोवती वेढा घाल. भिंत हो. आणि तुम्ही हो, लायडिगराव व्हा, बाहेर बसून संप्रेरक तयार करा. पिल्लू नर होणार ते तुमच्या जिवावर."

लायडिगराव जे फुगले ते फुगलेच. आता एकटे निवांतराव उरले.

"तुमचं काय ठरलं?"

"बघू."

"बघू? अहो, शेजारचे केव्हाच मार्गाला लागले!"

"काय व्हावं तेच कळत नाही, आक्का."

"ज्याचं काही ठरत नाही त्याला मी गिळते. ठाऊक आहे ना?"

 निवांतराव लायडिगरावांच्या मागे अंग चोरून बसले. आक्का दिसल्या की उगाच कामात असल्यासारखं दाखवायचे. लायडिगराव येता-जाता ऐकवायचे, "आमच्यासारखं वेळेवर ठरवलं असतंत तर!" उपदेश करून माणूस दमत का नाही, देव जाणे.

पिल्लू जन्मलं. दुडुदुडु धावू लागलं. वयात यायची वेळ झाली आणि नेमके तेव्हाच लायडिगराव दमले. संप्रेरक आटलं. बीजपेशींची वाढ अडली. आक्कांनी डोक्याला हात लावला.

"आता कुणाला सांगू? भिंत ती भिंतच. मी दाई ती दाईच. सगळ्यांचं ठरून बसलंय!"

मागे कुणीतरी शिंकलं.

"निवांतराव! तुम्ही अजून काहीच झाला नाहीत?"

"नाही," निवांतरावांनी डोळे गच्च मिटले. आता गिळणार.

आक्कांनी त्यांची दृष्ट काढली.

थोड्याच दिवसांत निवांतराव नवे लायडिगराव झाले. संप्रेरक वाहू लागलं, बीजपेशी तरारल्या, राज्य वाचलं. थाटात सत्कार झाला.

"मी अगदी सुरुवातीपासूनच ठरवलं होतं," निवांतराव भाषणात म्हणाले. मग कोपऱ्यात रेंगाळणाऱ्या एका पेशीवर त्यांनी डोळे वटारले. "तुझं काय ठरलं गं?"

"बघू," ती म्हणाली.

तात्पर्य : आयुष्याचा निर्णय नेहमी वेळेवर घ्यावा. म्हणजे न घेणाऱ्यांसाठी जागा वेळेवर रिकामी होते.